घेवड्याचा मांडव आणि सीडरचं पाणी

व्हँकुव्हरमध्ये आमच्या परसात घेवड्याचा वेल चढवायला मी सीडरचा मांडव उभारला. मागच्या बाजूला दहा आडव्या फळ्यांचा आडोसा केला. ऑगस्टमध्ये तो इतका घट्ट बसला होता की दोन फळ्यांत पोस्टकार्डही शिरलं नसतं. इथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळाभर पाऊस. जानेवारीत आडोसा पोट काढून बाहेर आला होता आणि प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ होता. या चुका निस्तरताना मला हे लाकूड कळत गेलं.

इथे ज्याला वेस्टर्न रेड सीडर म्हणतात तो थुजा प्लिकाटा, सायप्रसच्या कुळातला. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचं कूळ वेगळं. हे लाकूड फार हलकं, घनमीटरला सुमारे ३७० किलो; सागवान ६५०च्या आसपास भरतं.

लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतला ओलावा ओढून फुगतात. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास गेला की भिंतींचं पोट भरतं आणि फुगणं थांबतं. ते सगळीकडे सारखंही नसतं. ओलं सीडर पूर्ण सुकवलं तर वाढीच्या वलयांच्या अंगाने ते ५ टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे २.४ टक्के, आणि लांबीत जवळजवळ आटतच नाही. माझ्या फळ्या १४० मिलिमीटर रुंदीच्या, टोकाला वलयं आडवी पडलेली. ओलावा १२ वरून १८ टक्क्यांवर गेला की अशी एक फळी सुमारे १.४ मिलिमीटर रुंदावते. दहा फळ्यांचे झाले १४ मिलिमीटर, आणि त्यांना जायला जागाच नव्हती. सगळ्या फळ्या उतरवल्या, कडांवर रंधा मारला आणि तीन-तीन मिलिमीटरची फट ठेवून पुन्हा बसवल्या. आता वखारीत आधी फळीचं टोक बघतो. वलयं उभी असतील तर ती फळी निम्मीच फुगते.

काळ्या ओघळांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार एकत्र आले की काळी शाई होते, कारण हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोहाचा संयोग होतो. सीडरमध्येही टॅनिनसारखी फिनॉलिक द्रव्यं भरपूर असतात. मी साधे लोखंडी खिळे ठोकले होते आणि पाऊस येताच फळीवर शाई तयार झाली. घासून ती जात नाही. ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण मात्र लोहाला धरून विरघळवतं. डाग डोळ्यांदेखत फिका होतो. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावं, नंतर भरपूर पाण्याने धुवावं. खिळे तेच ठेवले तर डाग परत येणार, म्हणून मी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले.

मला सगळ्यात आवडलेली दुरुस्ती हातोडीच्या खड्ड्याची. मऊ लाकडात एक घाव चुकला की वाटीसारखा खळगा पडतो. पेशी तुटलेल्या नसतात, चेपलेल्या असतात. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की पेशींना जोडून ठेवणारं लिग्निन मऊ होतं, भिंती पाणी पिऊन फुगतात आणि खळगा वर येतो. करवतीने किंवा पटाशीने धागे कापले गेले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. कॅनडाच्या याच पश्चिम किनाऱ्यावरचे हायडा हे मूळनिवासी लोक हेच फार मोठ्या मापावर करत आले आहेत. सीडरचं अख्खं खोड कोरायचं, त्यात पाणी भरायचं, तापलेले दगड टाकायचे आणि मऊ झालेल्या भिंती आडव्या दांड्यांनी फाकवून नाव रुंद करायची. बिल रीड या हायडा शिल्पकाराच्या पुढाकाराने घडलेली ‘लूटास’ ही सुमारे १५ मीटर लांबीची नाव १९८६च्या व्हँकुव्हर एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी अशीच तयार झाली.

रंधा मारताना मास्क लावाच. सीडरच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने काही कामगारांना दमा जडतो.

खांबांची चूक अजून बाकी आहे. सीडर कुजत नाही म्हणतात ते त्याच्या गाभ्यातल्या थुजाप्लिसिनमुळे. हे द्रव्य बुरशीला रोखतं. सालीलगतच्या फिकट लाकडात ते नसतं आणि गाभ्यातलंही पाण्याबरोबर हळूहळू झिरपून जातं. मी खांबांचे पाय थेट मातीत गाडले. कापलेल्या टोकाला पेशींच्या नळ्या उघड्या असतात, तिथून लाकूड सतत पाणी ओढतं. येत्या उन्हाळ्यात ते पाय जमिनीच्या वर कापून जस्त चढवलेल्या लोखंडी बैठकींवर बसवणार आहे, खाली बोटभर हवा खेळती ठेवून. मांडव चार इंचांनी बुटका होईल, तेवढं चालेल.