निर्यातीच्या पॅलेटसाठी लाकडाची निवड आणि आयएसपीएम १५ चा शिक्का: पात्रता, कागदपत्रं, प्रक्रिया

पॅलेटसाठी, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी चौकटीसाठी, कोणतं लाकूड घ्यावं असं विचारलं, की लोक लगेच झाडाचं नाव सांगतात. कोणी पाइन म्हणतं, कोणी निलगिरी, कोणी ओक. माल देशातच फिरणार असेल तर हे उत्तर चालून जातं. देशाबाहेर जाणार असेल तर त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: या लाकडावर कोणती प्रक्रिया होणार आहे, आणि त्या प्रक्रियेच्या अटींत हे लाकूड बसतं का? बंदरावरचा तपासनीस झाडाची जात विचारत नाही. तो आयएसपीएम १५ चा शिक्का, म्हणजे लाकडातली कीड मारणारी प्रक्रिया झाल्याची खूण बघतो, फळ्यांच्या कडेला साल राहिली आहे का ते बघतो, किड्यांनी पाडलेली भोकं आणि ताजा भुसा शोधतो.

त्यामुळे हा लेख लाकडाच्या निवडीबद्दल असला, तरी त्याचा कणा आहे शिक्क्याची प्रक्रिया.

हा नियम कशासाठी

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेची मेपलची झाडं आतून पोखरलेली आढळली. आशियातला लांब मिशांचा भुंगेरा मालाच्या लाकडी वेष्टनातून तिथे पोहोचला होता. नंतरच्या काळात त्याला आवर घालण्यासाठी हजारो झाडं तोडावी लागली. १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये पाइन वाळवून टाकणारा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा सूक्ष्म जंत, सापडला, आणि त्याचा फटका तिथल्या पाइनच्या जंगलांना आजही बसतो आहे. कच्च्या लाकडातल्या अळीला समुद्र ओलांडायला पॅलेटची एक जाड फळी पुरते.

आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार १९५१ चा आहे आणि त्याचं सचिवालय रोममध्ये, अन्न व कृषी संघटनेत आहे. याच कराराखाली २००२ मध्ये लाकडी वेष्टनासाठीचं मानक क्रमांक १५ मंजूर झालं. त्यालाच आयएसपीएम १५ म्हणतात. २००९ मध्ये साल काढण्याची अट आली आणि पुढे मान्य पद्धतींची यादी वाढत गेली. प्रत्येक देशाची राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्था हे मानक आपल्याकडे राबवते. शिक्का वापरण्याचा परवानाही तीच देते.

कोणाला लागू, कोणाला सूट

६ मिलिमीटरपेक्षा जाड असं कोणतंही कच्चं लाकूड वेष्टन म्हणून वापरलं की नियम लागू होतो. पॅलेट, खोके, केबलची रिळं, आणि माल हलू नये म्हणून कंटेनरमध्ये ठोकलेले आधाराचे ठोकळे व पाचरी, सगळंच यात येतं. माझ्या मते सर्वांत जास्त गफलत या शेवटच्या प्रकारात होते. पॅलेट शिक्क्याचे असतात, आणि माल भरताना कोणीतरी कोपऱ्यात पडलेला बिनशिक्क्याचा तुकडा पाचर म्हणून ठोकतो. तेवढ्यावरून अख्खा कंटेनर अडकू शकतो.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, ओएसबी (लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेला बोर्ड) यांसारखं गोंद, उष्णता किंवा दाब देऊन तयार केलेलं लाकूड पूर्ण सुटलेलं आहे. भुसा, लाकडाचा कीस, बनवतानाच तापवलेली वाइनची पिंपं आणि वाहनाला किंवा कंटेनरला कायमचे जोडलेले लाकडी भाग यांनाही सूट आहे. मात्र पॅलेटचे ठोकळे दाबलेल्या भुशाचे आणि फळ्या कच्च्या लाकडाच्या असतील, तर पॅलेटला शिक्का लागतोच.

काही देशांनी आपसात सवलत ठेवली आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या व्यापाराला हा नियम लागू नाही. युरोपीय संघाच्या आतही सहसा लागत नाही, पण सूत्रकृमीमुळे पोर्तुगालमधून निघणाऱ्या लाकडी वेष्टनाला लागतो. म्हणून लाकूड मागवण्याआधी माल कुठून कुठे जाणार ते कागदावर पक्कं करा.

लाकूड पात्र ठरतं ते कशावर

मानकात झाडांच्या जातींची यादी नाही. कोणत्याही जातीचं लाकूड चालतं. अडतं ते साल, जाडी आणि ओलावा यांच्यापाशी.

साल काढलेलीच हवी. चुकून राहिलेले तुकडे चालतात, पण त्यांना मोजमाप आहे: तुकडा ३ सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर त्या एका तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी हवं. स्वस्त पॅलेटचं लाकूड बहुधा ओंडक्याच्या बाहेरच्या कापातलं असतं. त्याची एक कड गोलसर राहते आणि साल नेमकी तिथेच चिकटलेली असते. असं लाकूड घ्यायला हरकत नाही, पण साल काढण्याची मजुरी आधीच हिशेबात धरा.

जाडी आणि ओलावा यांचा संबंध प्रक्रियेशी आहे. मान्य पद्धती अशा:

उष्णता प्रक्रिया, म्हणजे एचटी: लाकडाच्या गाभ्यासकट सगळीकडे ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे. जाडीची कमाल मर्यादा नाही, पण जाड आणि घट्ट लाकूड गाभ्यापर्यंत तापायला खूप वेळ घेतं. २ सेंटीमीटरची पाइनची फळी आणि १० सेंटीमीटरचा ओकचा ठोकळा एकाच भट्टीत घातले, तर वेळ ठोकळ्याच्या हिशेबाने मोजावा लागतो.

डायइलेक्ट्रिक तापवणं, म्हणजे डीएच: मायक्रोवेव्ह किंवा रेडिओ लहरींनी ६० अंश, सलग १ मिनिट. लाकडाची सर्वांत लहान बाजू २० सेंटीमीटरपेक्षा मोठी नको, आणि साल असेल तर ती मापात धरायची.

मिथिल ब्रोमाइडची धुरी, म्हणजे एमबी: किमान २४ तास, १० अंशांच्या खाली नाही, आणि २० सेंटीमीटरची मर्यादा इथेही आहे. साल धुरीच्या आधीच काढलेली हवी, नाहीतर वायू आत नीट पोहोचत नाही. हा वायू ओझोनच्या थराला घातक आहे. ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारात वनस्पती संगरोधाच्या (कीड पसरू नये म्हणून केलेल्या प्रक्रियेच्या) वापराला सूट असली, तरी युरोपीय संघात त्याचा वापर २०१० पासून बंद आहे. नव्याने व्यवसाय उभा करणाऱ्याने या पद्धतीवर विसंबू नये असं मला मनापासून वाटतं.

सल्फ्युरिल फ्लोराइड, म्हणजे एसएफ: २०१८ मध्ये यादीत आलं. जाडीची आणि सालीची अट एमबीसारखीच. त्याशिवाय लाकडाचा ओलावा कोरड्या वजनाच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. लाकडाची जात इथे थेट आडवी येते. ताज्या कापलेल्या पॉप्लरमध्ये किंवा पाइनच्या बाहेरच्या फिकट भागात पाण्याचं वजन कोरड्या लाकडाइतकं किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. असं लाकूड आधी वाळवल्याशिवाय या पद्धतीला पात्रच ठरत नाही.

मग जात कोणती

पाइन, स्प्रूस यांसारखी मऊ लाकडं हलकी असतात. ती लवकर तापतात, लवकर वाळतात आणि खिळा ठोकताना सहसा फाटत नाहीत. एकदाच जाणाऱ्या आणि परत न येणाऱ्या पॅलेटसाठी मी हीच सुचवेन. वजन कमी म्हणजे भाडंही कमी. पॉप्लरही हलकं असतं, फक्त ते पुरेसं वाळलेलं आहे याची खात्री करून घ्यावी.

ओक, निलगिरी, बाभूळ यांसारखी घट्ट लाकडं जड यंत्रांसाठी आणि वारंवार फिरणाऱ्या पॅलेटसाठी खरी उपयोगाची. फोर्कलिफ्टच्या काट्यांचे घाव ती सोसतात. पण ती ओली असतानाच पॅलेट बांधलं, तर वाळताना लाकूड आकसतं, खिळे सैल होतात आणि कडेच्या फळ्या फाटतात. वाळलेल्या घट्ट लाकडात आधी भोक पाडून मगच खिळा ठोकावा. रबरवुड मधलं आहे: ताकद चांगली, किंमत बेताची. मात्र त्यात पिष्ट (स्टार्च) भरपूर असल्याने कापल्यानंतर लगेच बुरशी आणि कीड लागते. भट्टीपर्यंत जायला उशीर होणार असेल तर ते टाळा.

जात कोणतीही असो, खिळा बसतो तिथे आणि सर्वांत बाहेरच्या फळ्यांवर मोठी गाठ नको. फोर्कलिफ्टचा पहिला धक्का तिथेच बसतो.

एक गैरसमज फार महागात पडतो: एचटीचा शिक्का म्हणजे लाकूड वाळलेलं. तसं नाही. तीस मिनिटांच्या उष्णतेने अळी मरते, पाणी जात नाही. ओलं लाकूड बंद कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिलं की त्यावर बुरशी येते. नियमाच्या दृष्टीने पृष्ठभागावरची बुरशी हा भंग नाही, पण अन्न किंवा औषध मागवणारा ग्राहक असा माल परत पाठवू शकतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणूनच पॅलेट भरायला द्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: भट्टीत वाळवलेल्या लाकडाला ५६ अंश आणि ३० मिनिटांची नोंद असल्याशिवाय एचटी म्हणता येत नाही.

बुरशी टाळायला रसायन मारताना जपून. २००९-१० मध्ये अमेरिकेत काही औषधं बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण त्यांना कुबट वास येत होता. लाकडी पॅलेटवर मारलेल्या एका रसायनाच्या विघटनातून तो वास आला होता.

परवान्यासाठी अर्ज कोणी करायचा

निर्यातदाराने नाही. अर्ज करतो तो लाकडावर प्रक्रिया करणारा किंवा पॅलेट बनवून शिक्का मारणारा. तुम्ही फक्त तयार पॅलेट विकत घेत असाल, तर परवानाधारकाकडूनच घ्या. राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्था अशा परवानाधारकांची यादी ठेवते.

अर्ज आपल्या देशाच्या याच संस्थेकडे जातो. नमुना आणि शुल्क देशागणिक वेगळं असतं, पण मागणी साधारण सारखी असते. व्यवसायाची नोंदणी आणि जागेचा पुरावा लागतो. प्रक्रिया न झालेलं आणि झालेलं लाकूड वेगळं कसं ठेवणार, हे दाखवणारा आवाराचा नकाशा लागतो. हा नकाशा अनेकदा घाईत काढला जातो आणि अर्ज तिथेच परत येतो. भट्टीची किंवा धुरीच्या खोलीची माहिती, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा दाखला, साल काढण्याची आणि प्रक्रियेची लेखी पद्धत, लाकडाच्या आवक-जावकेच्या नोंदवहीचा नमुना आणि शिक्क्याचा आराखडाही जोडावा. धुरी देणाऱ्यांना ते विषारी वायू वापरण्याचा वेगळा परवानाही लागतो.

त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी होते. अधिकाऱ्यासमोर एक घाणा, म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेल्या लाकडाची पूर्ण प्रक्रिया, चालवून दाखवावा लागतो. सेन्सर लाकडाच्या गाभ्यात, फळीच्या टोकापासून किमान ३० सेंटीमीटर आत बसवायचे, आणि तेही भट्टीतल्या सर्वांत थंड जागी. एक बंद पडला तरी नोंद तुटू नये म्हणून किमान दोन ठेवावेत. सेन्सरसाठी पाडलेलं भोक नीट बुजवा, नाहीतर भट्टीतली गरम हवा आत शिरून आकडा खोटा चढतो. पहिल्या तपासणीला नेहमी वापरत असलेलं सर्वांत जाड, सर्वांत घट्ट लाकूडच भट्टीत घाला. पातळ पाइनवर पास झालेलं वेळापत्रक पुढे ओकवर चालवलं, तर नोंदी खोट्या ठरतात आणि परवाना जातो.

मंजुरी मिळाली की तुमचा स्वतंत्र क्रमांक मिळतो.

शिक्क्यात काय असतं

डाव्या बाजूला करारसंस्थेचं गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, मध्ये उभी रेष, उजवीकडे देशाचा दोन अक्षरी संकेत, तुमचा क्रमांक आणि प्रक्रियेचा संकेत. भोवती चौकट. चौकटीच्या आत आणखी काहीही लिहायचं नाही. कंपनीचं नाव किंवा तारीख हवी असेल तर चौकटीबाहेर. हाताने काढलेला शिक्का चालत नाही. तो वाचता येणारा आणि न पुसणारा असावा, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर. लाल आणि केशरी रंग टाळा, कारण ते धोकादायक मालाच्या खुणांसाठी वापरतात.

हा शिक्का असला की लाकडी वेष्टनासाठी वेगळं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागत नाही. तरीही घाण्याच्या तापमान नोंदीची प्रत निर्यातदाराने पॅलेट पुरवणाऱ्याकडून मागून ठेवावी. माल पलीकडे अडला, तर हाच कागद बोलतो. अडलेल्या मालाचं पुढे काय करायचं ते तिथली संस्था ठरवते: पुन्हा प्रक्रिया, वेष्टन नष्ट करणं किंवा परत पाठवणं. खर्च बहुधा आयातदार किंवा निर्यातदाराच्या गळ्यात पडतो.

जुनं पॅलेट दुरुस्त करताना

साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती. नवीन फळ्या प्रक्रिया केलेल्याच हव्यात आणि प्रत्येकीवर स्वतःचा शिक्का हवा. म्हणजे एकाच पॅलेटवर दोन-तीन वेगवेगळे शिक्के दिसू शकतात, त्यात काही चूक नाही. एक तृतीयांशाहून जास्त बदल झाला तर ते नव्याने बनवलेलं पॅलेट धरलं जातं. जुने सगळे शिक्के कायमचे पुसायचे, रंगाने झाकायचे किंवा रंधून काढायचे, पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करायची आणि मग नवा शिक्का मारायचा. दुरुस्तीला परवाना नसलेल्या सुताराकडे पॅलेट देणार असाल, तर त्याला शिक्क्याच्या फळ्या आधीच नेऊन द्या. त्याच्याकडच्या ढिगातली एक साधी फळी लागली, तरी त्या पॅलेटवरच्या जुन्या शिक्क्याचा उपयोग उरत नाही.