उसन्या सामानावर उभे राहिलेले ट्रक: अमेरिकेतल्या कस्टम वर्कशॉपची पार्श्वभूमी

प्रदर्शनासाठी सजवलेल्या शो ट्रकची बॉडी जमिनीला टेकते, तर ऑफ-रोड ट्रकच्या पोटाखालून माणूस वाकून पलीकडे जाऊ शकतो. दिसायला ही दोन टोकं आहेत, पण अमेरिकेत ती गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे ट्रक बदलून देणाऱ्या एकाच प्रकारच्या कस्टम वर्कशॉपमध्ये, अनेकदा एकाच छपराखाली तयार होतात. आज या कामाला लागणारा जवळजवळ प्रत्येक भाग कॅटलॉग पाहून मागवता येतो. त्यामुळे हा धंदा असाच सुरू झाला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बराच काळ या मंडळींच्या हाताशी जे सामान होतं ते दुसऱ्याच कुणासाठी तरी बनलेलं होतं: लष्करासाठी, विमानांसाठी, शेतासाठी, घरच्या मोटारीसाठी. ट्रक किती उंच, किती बुटका आणि कसा दिसणार, यातलं बरंच काही या उसन्या सामानानेच ठरवलं.

हे शक्य झालं ते पिकअपच्या मूळ बांधणीमुळे. खाली लोखंडी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली केबिन आणि मागे वेगळा हौदा. फोर्डने 1917 मध्ये एक टनी मॉडेल टीटी आणली, ती नुसती चासी म्हणून. केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने गावातल्या सुताराकडून किंवा बॉडीवाल्याकडून करून घ्यायचा. हौद्यासकट तयार पिकअप फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडला तो 1925 मध्ये, 281 डॉलरला. म्हणजे ट्रक वर्कशॉपमध्ये ‘बांधून घेण्याची’ पद्धत कारखान्याच्या पिकअपपेक्षा जुनी आहे. कस्टमवाल्यांनी नंतर जे केलं ते एका अर्थी जुन्याच पद्धतीकडे परत जाणं होतं, फक्त गरजेच्या जागी हौस आली.

चारही चाकांना ताकद देण्याचं कामसुद्धा आधी बाहेरच्या वर्कशॉपनीच केलं. इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने 1930 च्या दशकात फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना पुढचं चालतं अ‍ॅक्सल बसवून द्यायला सुरुवात केली. मग दुसरं महायुद्ध आलं. बॅन्टम कंपनीने सप्टेंबर 1940 मध्ये जीपचा पहिला नमुना लष्कराच्या हवाली केला, आणि युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून साडेसहा लाखांच्या घरात जीप बनवल्या. त्यांतल्या बऱ्याच युद्धानंतर विक्रीला निघाल्या. पेटीत बंद असलेली कोरी जीप 50 डॉलरला मिळते, ही आख्यायिका पुढे कित्येक वर्षं जाहिरातींतून फिरत राहिली. तशी पेटी कुणाला मिळाली नाही, पण वापरलेल्या जीप आणि त्यांचे सुटे भाग मात्र खरोखर मुबलक होते.

रस्त्यावर या जीपचा एक त्रास होता. पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद नको असली तरी पुढची चाकं तो सगळा यंत्रभार फिरवत राहायची. पेट्रोल जास्त जायचं आणि झीज व्हायची. आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये चाकाच्या मध्यावर बसणारा लॉकिंग हब विकायला काढला. फिरवला की चाक अ‍ॅक्सलला जोडलं जाई, उलटा फिरवला की सुटं होई. या धंद्यासाठी मुद्दाम बनवलेल्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी ही एक, आणि तीही लष्करी मालातली उणीव भरून काढायला आलेली. त्याच सुमाराला मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या साध्या ट्रकना फोर व्हील ड्राइव्ह करणारं किट देत होती. ते इतकं चाललं की 1957 मध्ये खुद्द शेव्हरोलेने ते आपल्या यादीत घेतलं. बाहेरच्याने करून दाखवायचं आणि कारखान्याने मग ते उचलायचं, हा क्रम तेव्हापासूनचा.

सजावटीची शाखा दक्षिण कॅलिफोर्नियात वाढली. युद्धातून परतलेल्या तरुणांकडे वेल्डिंग, पत्रेकाम आणि इंजिनाचं ज्ञान होतं, आणि स्वस्तातल्या जुन्या गाड्याही. जानेवारी 1948 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉट रॉडचं, म्हणजे दमदार इंजिन घालून बदललेल्या जुन्या गाड्यांचं, मोठं प्रदर्शन भरलं, आणि त्यानंतर ‘शोसाठी गाडी’ ही कल्पना रुजली. सुरुवातीला मान मोटारींना होता. पिकअप म्हणजे कामाचं जनावर. हे बदलण्यात ‘रॉड अँड कस्टम’ मासिकाचे स्पेन्सर मरी यांच्या 1950 च्या शेव्हरोले पिकअपचा वाटा मोठा आहे. ‘ड्रीम ट्रक’ नावाने गाजलेल्या या गाडीवर वेगवेगळ्या वर्कशॉपनी हात फिरवला आणि मासिक प्रत्येक टप्पा वाचकांना दाखवत गेलं. छत कापून खाली आणलं गेलं, मागे मोटारीसारखे पंख आले. 1958 मध्ये ओढून नेताना झालेल्या अपघातात तो चक्काचूर झाला आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा उभा केला गेला. या ट्रकचं महत्त्व त्याच्या देखणेपणात कमी आणि त्या टप्प्याटप्प्याच्या हकिकतीत जास्त आहे, असं मला वाटतं. काम कसं होतं हे दूरच्या गावातल्या पोरांनी पहिल्यांदा पाहिलं.

त्या काळात कापलेल्या पत्र्याचे सांधे शिसं वितळवून भरत. हे काम अवघड, विषारी आणि हळू. 1950 च्या दशकाच्या मध्यावर पॉलिएस्टर पुट्टी आली आणि सामान्य हातालाही बॉडीकाम जमू लागलं. जुन्या कारागिरांनी तिला नाकं मुरडली आणि त्यांच्या तक्रारीत तथ्यही होतं, कारण पुट्टीखाली वाईट वेल्डिंग आरामात लपतं.

शो ट्रकच्या शाखेतलं माझ्या लेखी सर्वांत धीट काम डेट्रॉइटचं आहे. अलेक्झांडर बंधूंनी डॉजचा ए100 हा चपट्या तोंडाचा पिकअप घेतला आणि हॅरी ब्रॅडली यांच्या आराखड्यावरून ‘डिओरा’ बांधला. त्याला बाजूचे दरवाजेच नाहीत. चालक समोरून आत शिरतो, आणि पुढची वर उघडणारी काच म्हणजे 1960 च्या फोर्ड स्टेशन वॅगनची मागची काच. 1967 मध्ये डेट्रॉइट ऑटोरामा या गाड्यांच्या प्रदर्शनाचा रिडलर पुरस्कार या ट्रकला मिळाला, आणि 1968 मध्ये निघालेल्या हॉट व्हील्सच्या पहिल्या 16 खेळण्यांत त्याचाही समावेश झाला.

ऑफ-रोडला वेगळं वळण दिलं ते मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पाने. 1967 मध्ये तिथे पहिली मेक्सिकन 1000 शर्यत झाली. जिंकली ती मायर्स मँक्स नावाच्या बग्गीने, 27 तास 38 मिनिटांत. फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रभागावर फायबरग्लासची बॉडी, इतकंच ते वाहन. जड जीपवाल्यांना हा मोठा धडा होता: वाळूत आणि खड्ड्यांत नुसती ताकद पुरत नाही, चाकाला वर-खाली जायला किती जागा आहे हे महत्त्वाचं. लाँग बीचचे बिल स्ट्रॉप फोर्डसाठी ब्राँको तयार करत. त्यांच्या वर्तुळातून पार्नेली जोन्स यांची ‘बिग ओली’ आली. वरून ब्राँको, आतून पोलादी नळ्यांचा सांगाडा. 1971 आणि 1972 अशी दोन वर्षं तिने ही शर्यत मारली. मूळ चासी इथे पहिल्यांदा ठळकपणे मागे पडली. ऑफ-रोड शर्यती भरवणाऱ्या स्कोर संस्थेने 1994 मध्ये ‘ट्रॉफी ट्रक’ हा वर्ग सुरू केला, त्याची वंशावळ इथे पोचते. आजच्या ट्रॉफी ट्रकची मागची चाकं दोन फुटांहून जास्त वर-खाली होतात, आणि कारखान्याचं त्यात फार तर बॉडीचं रूप उरतं.

एकावर एक भाग कसे तुटत जातात आणि त्यातून नवं यंत्र कसं घडतं, हे पाहायचं तर बॉब चँडलर यांचा ‘बिगफूट’. सेंट लुइसजवळ बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या चँडलर यांच्याकडे 1974 चा फोर्ड एफ-250 होता. फोर व्हील ड्राइव्हचे सुटे भाग आसपास मिळेनात म्हणून 1975 मध्ये त्यांनी स्वतःच दुकान काढलं आणि हाच ट्रक जाहिरातीला वापरला. मोठे टायर लावले की अ‍ॅक्सल मोडायचं. जास्त मजबूत अ‍ॅक्सल लावलं की आणखी मोठा टायर पेलायचा, आणि मग दुसरं काहीतरी मोडायचं. शेवटी लष्करी ट्रकची अ‍ॅक्सल आली. पुढचं वळणारं अ‍ॅक्सल मागेही लावता येतं, त्यामुळे चारही चाकं वळू लागली. 48 इंची टायरवरच्या या ट्रकने 1981 मध्ये एका शेतात भंगारातल्या मोटारी चिरडल्या. ती चित्रफीत पाहून आयोजकांनी तेच स्टेडियममध्ये करायला सांगितलं. 1982 मध्ये मिशिगनमधल्या सिल्व्हरडोममध्ये बिगफूट उतरला तो 66 इंची टायरवर. हे टायर शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांचे. अशा अवाढव्य टायरांच्या खेळाच्या ट्रकला, म्हणजे मॉन्स्टर ट्रकला, आजही 66 इंचांचाच टायर असतो. एका खेळाचं प्रमाण माप खताच्या यंत्राने ठरवलं, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. चँडलर यांनी पुढे एका ट्रकला 10 फूट उंचीचे टायर लावले. ते मूळचे अमेरिकन लष्कराच्या बर्फावर चालणाऱ्या प्रायोगिक ‘ओव्हरलँड ट्रेन’चे, आणि मिळाले भंगारात.

अर्थात पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, उभे असलेले हे अवजड ट्रक उड्या मारायला लागले तेव्हा चासी वाकू लागल्या, पाठीचे कणे दुखावू लागले. 1989 च्या आठव्या बिगफूटमध्ये नळ्यांचा सांगाडा आणि नायट्रोजन भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले, आणि तो नमुना सर्वांनी उचलला. 1988 मध्ये स्थापन झालेल्या मॉन्स्टर ट्रकवाल्यांच्या एमटीआरए संघटनेने दुरून इंजिन बंद करण्याची सोय सक्तीची केली. या खेळातली ती सर्वांत शहाणी गोष्ट.

बुटक्या ट्रकांची गोष्ट करातून सुरू होते. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, त्याचा वचपा म्हणून डिसेंबर 1963 मध्ये अमेरिकेने आयात ट्रकांवर 25 टक्के कर लावला. जपानी कंपन्यांनी वाट काढली: हौद्याशिवाय नुसती केबिन-चासी पाठवायची, म्हणजे कर 4 टक्के, आणि हौदा अमेरिकेत बसवायचा. 1980 पर्यंत हे चाललं. अशा स्वस्त छोट्या पिकअपांवर कॅलिफोर्नियातली पोरं तुटून पडली. हौदा सुटा असल्यामुळे त्याखाली हायड्रॉलिक सिलिंडर घालून तो हलवायचा, वळवायचा, फिरवायचा, अशी ‘नाचत्या हौद्यां’ची टूम निघाली. हायड्रॉलिकची युक्ती लोरायडरवाल्यांकडून, म्हणजे गाडी मुद्दाम जमिनीलगत ठेवणाऱ्या हौशी मंडळींकडून आली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली येऊ द्यायला बंदी केली, तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीस रॉन आगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले पंप आणि सिलिंडर बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. नंतर ही जागा हवेच्या बॅगांनी घेतली, ज्या आधी अवजड ट्रक आणि ट्रेलरखाली चालत होत्या.

ट्रक खाली आणणं हे वर उचलण्यापेक्षा सोपं, असा एक समज आहे. नुसते पाटे बदलले की अ‍ॅक्सल चासीवर आदळतं. मग चासीला खालून कमानीसारखी खाच द्यावी लागते आणि त्या जागी जाड पट्टी वेल्ड करावी लागते. वर उचलताना प्रश्न वेगळे: चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, जोड थरथरतात, आणि टायर 31 वरून 35 इंचांवर नेला की डिफरन्शियलचे गिअर बदलल्याशिवाय ट्रक ओढत नाही. ब्रेकवरचा भार वाढतो तो वेगळाच. चांगलं आणि वाईट वर्कशॉप यांतला फरक रंगात कळत नाही, तो या जागी कळतो.

सुटे भाग बनवणाऱ्यांनी 1963 मध्ये सेमा ही संघटना काढली. 1967 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमखाली त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, 98 गाळ्यांचं. 1977 पासून ते लास व्हेगासला भरतं. वर्कशॉपसाठी याचा परिणाम दुहेरी झाला. भाग भरवशाचे आणि सहज मिळणारे झाले, आणि ट्रक एकमेकांसारखे दिसू लागले. कारखाने तर हे सगळं बघतच होते. 2003 ची जीप रँग्लर रुबिकॉन दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) आणि 4:1 चा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) घेऊनच शोरूममध्ये आली. त्याआधी हे काम वर्कशॉपचं होतं. 2010 च्या फोर्ड रॅप्टरने बाहाच्या ट्रकची ठेवण हप्त्यांवर घेता येईल अशी केली.

बाहाचीच एक भलती नक्कल कायद्यापर्यंत गेली. शर्यतीआधी रस्ता पाहायला जाणाऱ्या प्री-रनर ट्रकचं नाक थोडं वर असतं. अमेरिकेच्या आग्नेय भागात पोरांनी नाक आकाशाकडे आणि बूड जमिनीकडे करून शहरात ट्रक फिरवायला सुरुवात केली. समोरचा रस्ता चालकाला दिसेना आणि हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जाऊ लागले. नॉर्थ कॅरोलायनाने 1 डिसेंबर 2021 पासून मागच्यापेक्षा पुढचं मडगार्ड 4 इंच किंवा जास्त उंच ठेवायला बंदी केली. नंतर व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही तसेच कायदे केले.

सध्याची डोकेदुखी मात्र कायद्याची नाही, कॅमेऱ्याची आहे. नव्या ट्रकच्या काचेमागचा कॅमेरा आणि ग्रिलमधला रडार ठरावीक उंची धरून बसवलेले असतात. ट्रक सहा इंच वर गेला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा अंदाज चुकू शकतो. त्यामुळे लिफ्ट बसवून झाल्यावर हे सगळं पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. या तपासण्यांसाठी सेमाने 2022 मध्ये मिशिगनमध्ये वेगळं केंद्र उघडलं. पाटे, शाफ्ट आणि गिअर जमणाऱ्या कारागिराला आता त्यासाठी सपाट फरशी, लेसर आणि कंपनीचं सॉफ्टवेअरही लागतं. भंगारात मिळणार नाही असं या कामातलं हे बहुधा पहिलंच सामान.