गाविलगड एवढा बेलाग, मग 1803 ला पडला कसा?

आमच्या वावराच्या धुऱ्यावरून हिवाळ्यात सकाळी आभाळ मोकळं असलं की सातपुड्याची पूर्ण रांग दिसते. आबाजी हात लांब करून दाखवायचे, तो पाहा गाविलगड, त्याच्यावर कोणाला चढता येत नव्हतं. लहानपणी मला तेच खरं वाटे. मागच्या डिसेंबरात चुलतभावासोबत चिखलदऱ्याला गेलो तेव्हा किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत चालत पोचलो अन् लक्षात आलं की आपण चढलोच नाही! घाट सगळा गाडीनं चढला, पठारावर आलो आणि तिथून किल्ला जवळपास समोरच्या लेव्हलला. या एका गोष्टीत गाविलगडाचा सगळा इतिहास आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

इथं आधी गवळ्यांची वस्ती होती, गढी मातीची होती, त्यावरून गाविलगड नाव पडलं असं मानतात. चिखलदऱ्याकडं गवळी मंडळी आजही दुधा-खव्याचा धंदा करतात, त्यामुळं मला तरी ते पटते. पक्कं बांधकाम केलं बहमनी सुलतान अहमदशहानं, 1425 च्या सुमाराला, तो वर्षभर अचलपुरात मुक्काम ठोकून होता तेव्हा. जवळच्या नरनाळा किल्ल्याची डागडुजीपण त्याच वेळची. कारण सोपं आहे, अचलपूर म्हणजे वऱ्हाडची राजधानी, खाली पूर्णेचं काळंशार सपाट खोरं आणि उत्तरेकडून माळव्याची फौज उतरली तर तिला अडवायला हा डोंगरच.

मग आला फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क. हा मूळचा विजयनगरकडचा, कानडी ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला, पुढं बहमनी राज्य मोडायला लागल्यावर स्वतःचीच इमादशाही काढली. 1488 ला त्यानं गाविलगड दुरुस्त केला. शार्दूल दरवाज्यावर पाहा, दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, गंडभेरुंड, दोन्ही चोचींत एक एक हत्ती धरलेला. ही कानडी मुलखातली खूण मेळघाटच्या जंगलात कुठून आली हे त्या माणसाच्या जन्मात कळते. मी तिथं अर्धा तास उभा होतो, हत्तींच्या सोंडा अजून ओळखू येतात.

आता संरक्षणाचं. किल्ले खरं म्हणजे दोन आहेत. आतला दक्षिणेकडं, तिथं कडा सरळ खाली तुटलेला, बाहेरचा किल्ला त्याला उत्तरेकडून आणि वायव्येकडून झाकतो, मधात दरी. दक्षिणेच्या दरवाज्याची वाट एवढी उभी की फक्त पायी माणूस चढेल. वायव्येची वाट रोजच्या येण्याजाण्याची, पण अरुंद, आणि लांबपर्यंत किल्ल्याच्या माऱ्याखालून जाते. राहिली उत्तर बाजू, तिथं मात्र पठार आणि किल्ला एकाच पातळीवर. बांधणाऱ्यांना हे चांगलं माहीत होतं, म्हणून नेमकी तिथं तिसरी भिंत घातलेली. त्यांचा खरा भरवसा वाटेवर होता. अचलपुराहून डोंगरातून फिरून त्या बाजूला जायचं म्हणजे साधारण 30 मैल, रस्ता नाही, मोठी तोफ कोण नेते?

ती नेली. तेव्हा गड नागपूरकर भोसल्यांकडं होता. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावात इंग्रजांपुढं त्यांची फौज हरली, तिथून बरेच लोक गडावर येऊन बसले. किल्लेदार बेनीसिंह राजपूत. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली (हाच पुढं नेपोलियनला वॉटर्लूत हरवणारा वेलिंग्टन) दक्षिणेकडं थांबला, त्याच्या तोफांनी तिकडून फारसं काही झालं नाही. खरं काम त्याच्या सोबतच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं केलं, इंग्रजांच्या कागदांत लबाडा लिहिलेलं गाव आहे त्या उत्तर बाजूला ते गेले, पुढं शिपायांनी रस्ता करायचा आणि मागून तोफा, दारूगोळा बहुतेक वाट हातानं ओढायचा, दऱ्याखोऱ्यांतून. 12 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत तोफा जागेवर बसल्या, 14 ला भिंतीला खिंडार पडलं, 15 ला सकाळी हल्ला. बाहेरचा किल्ला गेला तरी आतली भिंत शाबूत होती. पण कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनी दरी ओलांडून एका जागी शिड्या लावल्या, आत उड्या टाकल्या आणि दरवाजा उघडून दिला. बेनीसिंह तिथंच लढता लढता पडला. त्याचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटते.

दोन दिवसांत, 17 डिसेंबरला, दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडं आणि तिकडं कटक इंग्रजांकडं गेलं. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले, 1822 ला तेही निजामाकडं गेले, 1853 ला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं आला. आणि 1858 ला, उठावाच्या धामधुमीत, इंग्रजांनीच गड मोडीत काढला, पुन्हा कोणी आत बसू नये म्हणून.

तुम्ही गेलात तर दरवाज्यात फोटो काढून परत फिरू नका. तटावर जाऊन आधी दक्षिणेकडं खाली पाहा, पोटात गोळा येते. मग उलटं वळून उत्तरेकडं पाहा, नुसतं सपाट, गवत आणि सागाची झाडं, कोरकू पोरं त्याच वाटेनं ढोरं हाकत येऊन राहिलेली.