अपील अधिकारी व्हायचं असेल तर : काम, तयारी आणि नोकरीच्या वाटा

(आमच्याकडे करिअर सल्ल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थी-पालकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर)

‘अपील अधिकारी पाहिजेत’ अशा जाहिरातीची वाट पाहत बसलात तर वर्षं निघून जातील. सरकारी खात्यांत या नावाने थेट भरती सहसा होत नाही. माणूस आधी दुसऱ्या पदावर लागतो, तिथे काही वर्षं काढतो आणि मग अपिलं ऐकण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. खासगी क्षेत्रात अपिलाचं काम भरपूर आहे, पण तिथेही पदाचं नाव वेगळंच असतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही एकच विनंती करतो: पदाचं नाव बाजूला ठेवा आणि आधी काम समजून घ्या. काम आवडलं तर तिथवर जाणाऱ्या पायऱ्या नीट दाखवता येतात.

अपील नेमकं कोण ऐकतं?

कोल्हापूरकरांच्या ओळखीचा अपील अधिकारी म्हणजे प्रांत, म्हणजेच महसूल खात्याचा उपविभागीय अधिकारी. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार नोंद (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) प्रमाणित केली आणि ती कुणाला मान्य नसली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 247 खाली प्रांत ऑफिसात अपील होतं. प्रांतांच्या आदेशावर जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी ऐकतात. जिल्हाधिकाऱ्यांनी मूळ आदेश दिला असेल, तर त्यावरचं अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जातं. मुदत साधारणपणे 60 दिवसांची. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर 90 दिवस.

माहिती अधिकारात प्रत्येक कार्यालयाला प्रथम अपिलीय अधिकारी असतो. तो जनमाहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या दर्जाचा असावा, एवढंच 2005 चा कायदा सांगतो. म्हणजे आरोग्य, शिक्षण, पाटबंधारे, महापालिका अशा कोणत्याही खात्यातला अधिकारी नोकरीत वर चढला की कधी ना कधी हे काम त्याच्या टेबलावर येतंच. प्रथम अपील 30 दिवसांत करायचं असतं. ते निकाली काढायलाही 30 दिवस मिळतात. कारणं नोंदवून फार तर 45. सेवा हक्काच्या 2015 च्या कायद्यातही प्रथम आणि द्वितीय अपील प्राधिकारी आहेत. दाखला वेळेत मिळाला नाही किंवा नाकारला, तर नागरिक त्यांच्याकडे जातो.

कर खात्यांत मात्र अपिलासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेले असतात. जीएसटीचा आदेश मान्य नसेल तर तीन महिन्यांत अपील, सबळ कारण असेल तर वर आणखी एक महिना, आणि वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरायची. प्राप्तिकराची बहुतेक अपिलं 2020 पासून चेहराविरहित पद्धतीने चालतात. करदाता आणि अधिकारी समोरासमोर येत नाहीत, बहुतेक सगळं ऑनलाइन आणि लेखी. तिथल्या अधिकाऱ्याचं लिखाण हाच त्याचा आवाज.

एक फाईल उघडून बघू

कामाची खरी चव फाईलमध्ये कळते. समजा, करवीर तालुक्यातल्या एका गावात वडील वारले. तीन भावांच्या नावाने वारस नोंद झाली. इचलकरंजीला दिलेल्या बहिणीचं नाव राहिलं. नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर गेली. पीककर्जासाठी भावाने सातबारा काढला, तो तिच्या मुलाच्या हाती आला, तेव्हा तिला कळलं. तोवर तीन वर्षं उलटली होती. ती प्रांतांकडे अपील करते.

अधिकाऱ्यापुढचा पहिला प्रश्न हिश्श्याचा नसतो, मुदतीचा असतो. 60 दिवस कधीच संपले आहेत. तिने विलंब माफीचा अर्ज दिला आहे का? नोटीस मिळालीच नाही, हे तिचं म्हणणं कागदांशी जुळतं का? नोटिशीची पोच फाईलला आहे का, असेल तर सही कुणाची? इथेच घाईत अपील फेटाळलं, तर त्या बाईंचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं होतं. उलट काही न पाहता विलंब माफ केला, तर भाऊ वरच्या कार्यालयात जातात आणि तेवढ्याच मुद्द्यावर आदेश पडतो. विलंबावर वेगळा, कारणांसह आदेश लिहिणं ही या कामातली पहिली शिस्त.

विलंब माफ झाला की दोन्ही बाजूंना नोटिसा, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद), तारखा. भावांचा वकील सांगतो, बहिणीने तोंडी हक्क सोडला होता. अधिकाऱ्याने विचारायचं, हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का? 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलाइतकाच आहे, आणि स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी बोलण्याने सुटत नाही. त्याच वेळी एक मर्यादा लक्षात ठेवायची. सातबारावरची नोंद महसुलासाठी असते, मालकी अखेर दिवाणी न्यायालय ठरवतं. प्रांतांनी आदेशात ‘अमुक इतकी जमीन बहिणीची’ असं लिहिलं, तर ते आपल्या हद्दीबाहेर गेले. नोंद रद्द करून सर्व वारसांना नोटीस देऊन पुन्हा चौकशी करा, असा आदेश देऊन प्रकरण खाली पाठवणं बहुधा जास्त बरोबर ठरतं.

आणि शेवटी निकालपत्र. हरलेल्या भावानेही ते वाचून ‘माझं म्हणणं ऐकलं होतं, ते का मानलं नाही तेही लिहिलंय’ असं म्हणावं, ही आमच्या मते चांगल्या आदेशाची कसोटी. ‘दोन्ही बाजूंचं ऐकून व कागदपत्रं पाहून अपील अमान्य’ अशा एका ओळीच्या आदेशाने माणसं वर्षानुवर्षं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतात. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही हेच शिकवायचा आटापिटा करतो, कारण खुर्चीवर बसल्यावर हे शिकवणारं सहसा कुणी भेटत नाही.

अंगात काय असायला हवं

कायद्याची पदवी असली तर मदत होते, पण महसूल किंवा माहिती अधिकाराच्या अपिलांना ती सक्तीची नाही. शांतपणे जाड फाईल वाचण्याची सवय मात्र सक्तीचीच समजा. मराठी कागद वाचता येणं, त्यात जुन्या फेरफार नोंदींची भाषा आली. साधं, कारणं सांगणारं मराठी लिहिता येणं. ओळखीचा माणूस समोर उभा असला तरी त्याला बाकीच्यांसारखीच तारीख देणं. आपल्या जिल्ह्यात सगळे एकमेकांचे पाहुणे निघतात, त्यामुळे हे बोलायला सोपं आणि करायला अवघड.

निःपक्षपाताची एक चांगली पद्धत अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यात, म्हणजे आयआरएसमध्ये आहे. तिथलं अपील कार्यालय 1927 पासून चालतं आणि 2019 च्या कायद्याने त्याचं स्वातंत्र्य पक्कं झालं. तिथला अपील अधिकारी वादाच्या मुद्द्यांवर मूळ तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याशी करदात्याला वगळून बोलू शकत नाही. आपल्याकडे एकाच आवारात बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा नियम मनाशी तरी पाळावा, असं आम्हाला वाटतं. नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘अपील्स ऑफिसर’ शोधलं की याच आयआरएसच्या जागा वर येतात. त्या अमेरिकी नागरिकांसाठी असतात. तिथे अर्ज भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सरकारी वाट

सर्वांत सरळ रस्ता एमपीएससीच्या राज्यसेवेचा. त्यातून उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, सहायक राज्य कर आयुक्त ही पदं मिळतात. उपजिल्हाधिकारी प्रांत म्हणून नेमणुकीला गेला की अपिलं त्याच्या रोजच्या बोर्डावर असतात. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: लेखी 1750 गुण आणि मुलाखत 275. पर्यायावर गोल करणाऱ्या पिढीला हे जड वाटतंय, पण अपिलाच्या कामाच्या दृष्टीने आम्हाला हा बदल मनापासून पटतो. मुद्दा मांडून, विरुद्ध बाजू तपासून निष्कर्षाला येणं परीक्षेच्या निमित्ताने हातात बसतं.

खालून वर जाणारी वाटही कमी प्रतीची नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मग मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार अशी पदोन्नती होत जाते. या माणसाने फेरफार स्वतः लिहिलेले असतात, आपल्या नोंदी अपिलात का पडल्या ते पाहिलेलं असतं. घरची परिस्थिती दोन-तीन वर्षं नुसता अभ्यास करू देणारी नसेल, तर आधी ही किंवा लिपिकाची नोकरी पकडा आणि आत राहून पुढची परीक्षा द्या. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. ते बारावीनंतरच काढून ठेवा. केंद्राच्या कर खात्यांत जायचं असेल तर पदवीनंतर एसएससीची (म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची) सीजीएल परीक्षा किंवा यूपीएससी. त्याबद्दल वेगळं पत्रक आमच्याकडे आहे.

खासगी क्षेत्रातलं अपील

इथे पालकांचा विश्वास चटकन बसत नाही, पण जागा इथेच जास्त निघतात. मोठ्या हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसणारी मुलं दिवसभर काय करतात? विमा कंपनीने क्लेम अडवला की शंकेला उत्तर, कागदांची पूर्तता, नाकारला तर फेरविचाराचा अर्ज. हे अपिलाचंच काम. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलांमध्ये आरोग्यमित्र असतात, तीही सुरुवातीला चांगली जागा. विमा कंपन्यांमध्ये आणि टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमध्ये) क्लेम विभाग आणि तक्रार निवारण विभाग असतो. ‘ग्रिव्हन्स’, ‘क्लेम्स रिव्ह्यू’ हे शब्द टाकून जागा शोधा. कंपनीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ग्राहक विमा लोकपालांकडे विनामूल्य जाऊ शकतो, तिथे दाव्याची मर्यादा 50 लाख रुपये आहे. हा पुढचा टप्पा माहीत असलेला उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

बी.फार्म., नर्सिंग, बी.एस्सी. झालेल्यांसाठी पुण्या-मुंबईकडे अमेरिकी मेडिकल बिलिंगच्या कंपन्या आहेत. पदाचं नाव एआर कॉलर (थकलेल्या बिलांसाठी विमा कंपनीला फोन करणारा) किंवा डिनायल अॅनालिस्ट (नाकारलेली बिलं तपासणारा). तिथल्या विमा कंपनीने बिल नाकारलं की कारणाचा कोड वाचून अपिलाचं पत्र तयार करायचं. रुग्णाला बहुतेक खासगी आरोग्य योजनांत अंतर्गत अपिलासाठी 180 दिवस मिळतात. पारंपरिक मेडिकेअरमध्ये (अमेरिकी सरकारची, मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना) अपिलाचे पाच टप्पे आहेत आणि पहिल्याला 120 दिवस. फोन करण्याच्या जागांना रात्रपाळी असते, हे घरी आधी बोलून घ्या. इंग्रजी बोलण्यापेक्षा नेमकं लिहिण्याला इथे पुढे जास्त किंमत येते.

कॉमर्सवाल्यांना शहरातलीच वाट आहे. शिरोली, गोकुळ शिरगावची फाउंड्री, हुपरीची चांदी, इचलकरंजीचा कापड धंदा, या सगळ्यांना जीएसटीच्या नोटिसा येतात. सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसात नोटिशीला उत्तर आणि अपिलाचा मसुदा करणाऱ्या माणसाची चणचण आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. तरी दोन-तीन वर्षं मसुदे लिहिलेल्या मुलाला पुढे काम शोधत फिरावं लागत नाही.

सर्किट बेंचमुळे काय बदललं

18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. चाळीस-पन्नास वर्षांची मागणी होती ती. पूर्वी महसुली आदेशाविरुद्ध रिट (उच्च न्यायालयातली याचिका) करायला मुंबई गाठावी लागे. ती प्रकरणं आता इथे उभी राहतात. त्यामुळे वकिलांच्या ऑफिसात मसुदा लिहिणारे, फाईल लावणारे, ई-फायलिंग करणारे आणि मराठी दस्तांचं इंग्रजी भाषांतर करणारे लोक हवे आहेत. लॉच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत कुठल्याही पगाराची अट न घालता अशा ऑफिसात बसावं. प्रांतांचा आदेश उच्च न्यायालयात कोणत्या वाक्यामुळे टिकला किंवा पडला, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आमचं काम आणि आमच्या मर्यादा

आम्ही बायोडाटा आणि अर्ज तपासून देतो, मुलाखतीचा सराव घेतो आणि शनिवारी फाईल-वाचनाचा वर्ग चालवतो. त्यात नावं काढून टाकलेल्या नमुना फायली असतात. प्रत्येकाने त्यावर एक पानी आदेश लिहायचा आणि दुसऱ्याने त्यावर अपील करायचं. या वर्गातलं लिखाण मुलाखतीला सोबत नेता येतं.

नोकरी लावून देण्याची हमी आम्ही देत नाही. सरकारी जागेसाठी ‘आतून सेटिंग’ करतो असं सांगणाऱ्या कुणाशी आमचा संबंध नाही. शेतीचा तुकडा विकून असे पैसे भरलेली घरं आम्ही पाहिली आहेत. कुणी आमचं नाव घेऊन पैसे मागितले तर आधी आमच्याकडे या, मग पोलिसांत जा. आमचं शुल्क दाराजवळच्या फलकावर लिहिलेलं आहे आणि प्रत्येक रुपयाची पावती मिळते. पहिल्या भेटीचं काही घेत नाही.

पहिल्या भेटीला येताना शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, टायपिंगचं प्रमाणपत्र असल्यास ते, आणि तुम्ही स्वतः लिहिलेला कुठलाही एक पानभर मजकूर आणा. ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज असला तरी चालेल. पालक सोबत आले तर चांगलंच, फक्त प्रश्नांची उत्तरं मुलाने किंवा मुलीने द्यावीत. दुपारी एक ते तीन कार्यालय बंद असतं, मंगळवारी पूर्ण सुट्टी.