प्रोबेट दप्तर : जॉर्जियातील ग्रामीण काउंटी

मृत्युपत्र खरे ठरवणे, ते नसल्यास मिळकतीवर प्रशासक नेमणे, देणी भागवून उरलेले वारसांत वाटणे आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलांना पालक नेमून देणे या कामांतून साठत गेलेले कोर्टाचे दप्तर. 'प्रोबेट' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर येतो तो बहुधा मुंबईतल्या फ्लॅटच्या निमित्ताने. महाराष्ट्रात प्रोबेटची सक्ती दीर्घकाळ मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती होती. बाकी राज्यात हिंदू घरांचे काम तलाठ्याकडच्या वारस नोंदीवर आणि फेरफारावर चाले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मात्र १५९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि प्रत्येकीचे प्रोबेट कोर्ट वेगळे आहे. १९७४ पर्यंत त्याला 'कोर्ट ऑफ ऑर्डिनरी' म्हणत. जुन्या चोपड्यांच्या पाठीवर हेच नाव असते, त्यामुळे घराण्याच्या इतिहासासाठी 'प्रोबेट' शोधणारा नवखा माणूस तिथेच चुकतो.

ग्रामीण काउंटीत हे कार्यालय लहान असते. लग्नाचा परवाना, पिस्तुलाचा परवाना, बऱ्याच ठिकाणी वाहतुकीचा दंडसुद्धा त्याच खिडकीवर. दीडशे वर्षांपूर्वीचे बाड मागणाऱ्याला थोडे थांबावे लागते. तो चुकीच्या दारात उभा नाही ना, हेही पाहावे. जमिनीची खरेदीखते इथे नसतात, ती सुपिरिअर कोर्टाच्या क्लार्ककडे.

त्याहून मोठी गफलत काउंटीच्या हद्दींची. फोर्ट व्हॅली हे गाव आज पीच काउंटीचे मुख्य ठिकाण आहे, पण पीच काउंटी ह्यूस्टन आणि मेकन या काउंट्यांतून निघाली ती १९२४ मध्ये. १९०० साली त्या गावात वारलेल्या माणसाचे कागद ह्यूस्टन काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या पेरीत शोधावे लागतात. नोंद ज्या काळची, त्या काळची हद्द धरायची.

बहुतेक जण मृत्युपत्र मिळाले की थांबतात. वास्तविक ते दप्तरातले सर्वांत तुटपुंजे कागद. शिवाय वहीतले मृत्युपत्र ही कारकुनाने उतरवलेली नक्कल असते. खालची सही त्याच्याच हाताची. खरी माहिती सुट्या कागदांच्या पुडक्यात. प्रशासकाच्या जामीनखतावर जामीन राहिलेले लोक पुष्कळदा मेहुणे किंवा सासरे निघतात. मालमत्तेच्या यादीत बैल, नांगर, खाटा, घड्याळ किमतीसह मोजलेले असते. लिलावाच्या यादीत घेणाऱ्यांची नावे येतात आणि त्यांत विधवाही दिसते, आपल्याच घरातला चरखा पैसे मोजून परत घेताना. वार्षिक हिशेबांना जोडलेल्या पावत्यांत शवपेटीचा खर्च, डॉक्टरचे बिल, मुलांची शाळेची फी. 'वर्षाची बेगमी' हा जॉर्जियाच्या दप्तरात आढळणारा आणखी एक प्रकार: विधवेला आणि अज्ञान मुलांना वर्षभर पुरेल एवढे धनकोंच्या आधी काढून दिले जाई. जिथे मृत्युपत्र नाही, तिथेही बायकोचे नाव सापडते ते यामुळे.

भाषाही जपून वाचावी. कायद्यातला 'इन्फंट' म्हणजे तान्हे बाळ नव्हे, तर आपल्या कोर्टकागदांतला 'अज्ञान'. वीस वर्षांचा दाढीवाला मुलगाही त्यात बसे. 'ऑर्फन'ची आई पुष्कळदा हयात असते. वडील वारले एवढाच त्याचा अर्थ.

१८६५ पूर्वीच्या याद्या वाचणे अवघड आहे, अक्षरामुळे नव्हे. बैल आणि मक्याच्या मध्येच माणसांची नावे येतात, पुढे वय आणि किंमत. पण गुलामगिरीत जगलेल्यांच्या वंशजांना याच याद्यांचा आधार वाटतो, कारण देशाच्या जनगणनेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावे सरसकट लागली ती १८७० पासून. त्यामागे जायचे तर मालकाचे नाव शोधून त्याचे प्रोबेट दप्तर काढावे लागते.

या दप्तरात काय दडलेले असू शकते याचा नमुना हॅनकॉक काउंटीत आहे. आज जेमतेम ८,७०० वस्तीची ही काउंटी. मुख्य ठिकाण स्पार्टा. धनाढ्य मळेवाला डेव्हिड डिक्सन १८८५ मध्ये वारला आणि मिळकतीचा मोठा भाग अमांडा अमेरिका डिक्सन हिला ठेवून गेला. ज्युलिया या गुलामगिरीतल्या अल्पवयीन मुलीवर त्याने केलेल्या अत्याचारातून जन्मलेली ही त्याची मुलगी. ७९ गोऱ्या नातेवाइकांनी मृत्युपत्राला हरकत घेतली. ऑर्डिनरीने (म्हणजे प्रोबेट न्यायाधीशाने) ते मान्य केले, सुपिरिअर कोर्टाच्या ज्युरीने मान्य केले आणि १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही. अशा वादात गेलेल्या प्रकरणाचे कागद एका कोर्टात संपत नाहीत. अपिलाची वाट धरून तिन्ही ठिकाणी जावे लागते.

१८८३ मध्ये पुरी झालेली स्पार्टाची ती कोर्टइमारत २०१४ मध्ये आगीत गेली आणि पुढे पुन्हा बांधली गेली. आगी ही दक्षिणेतल्या संशोधकांची जुनी दुखरी नस आहे. म्हणून आधी मॉरो येथील जॉर्जिया अभिलेखागारातल्या सूक्ष्मफिती आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरची फुकट छायाचित्रे पाहावीत, मग प्रवास करावा. मूळच जळले असेल तर स्थानिक वर्तमानपत्रे काढावीत. प्रशासक नेमण्याआधी जाहीर नोटीस छापावी लागे, आणि ती अंकात टिकून राहते.

अमांडाची स्वतःची मिळकत मात्र हॅनकॉकच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. ती ऑगस्टा शहरात राहायला गेली आणि १८९३ मध्ये मृत्युपत्र न करताच तिथे वारली. प्रोबेट चालते ते मरतेवेळच्या वास्तव्याच्या ठिकाणी. तिचे कागद रिचमंड काउंटीचे.