विकत घेतलेली वर्षे : ब्रिटनच्या सरकारी पेन्शनमधील ऐच्छिक वर्गणी

ब्रिटनमधली पहिली सरकारी पेन्शन वर्गणीविना होती. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या गरिबांना, उत्पन्न तपासून, आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत मिळू लागले. आधी भरा, मग हक्क मागा, हे तत्त्व १९२५ च्या कायद्याने आले, तेही मुख्यतः नोकरदारांपुरते. बाहेर राहिलेल्या अल्प उत्पन्नवाल्यांना स्वेच्छेने भरता यावे म्हणून १९३७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

५ जुलै १९४८ ला नॅशनल इन्शुरन्स ही सरकारी विमा योजना सुरू झाली. तिच्या वर्गणीचे तीन वर्ग होते : क्लास १ नोकरदारांचा, क्लास २ स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा, क्लास ३ उरलेल्यांचा. गंमत म्हणजे आज ऐच्छिक असलेला क्लास ३ तेव्हा सक्तीचा होता. कार्डावर दर आठवड्याच्या वर्गणीचा स्टॅम्प चिकटवायचा. स्टॅम्प राहिला की नोंदीत खाडा. १९७५ मध्ये नोकरदारांची वर्गणी पूर्णपणे पगाराच्या प्रमाणात कापली जाऊ लागली आणि क्लास ३ ऐच्छिक झाला. 'स्टॅम्प भरणे' हा शब्दप्रयोग मात्र तिथे अजून ऐकू येतो.

पूर्ण पेन्शनला तेव्हा पुरुषांना वर्गणीची ४४ आणि स्त्रियांना ३९ वर्षे लागत, म्हणून खाडे भरून काढण्याला महत्त्व होते. २०१० मध्ये ही अट एकदम ३० वर्षांवर आली. ज्यांनी ४४ गाठण्यासाठी ऐच्छिक वर्गणी भरून वर्षे विकत घेतली होती, त्यांतल्या अनेकांचा खर्च वाया गेला. ६ एप्रिल २०१६ पासून पेन्शनवयात येणाऱ्यांसाठी पुन्हा ३५ वर्षे, किमान १०.

खरी मेख २०१६ च्या संक्रमणात आहे. त्या दिवशी प्रत्येकाचा हिशेब जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांनी झाला आणि मोठा आकडा पायाभूत धरला गेला. समजा, तोवर ३० वर्षे भरलेली आहेत, त्यांतली बरीच कंपनीच्या पेन्शन योजनेमुळे कमी दराने, आणि जुन्या नियमाचा आकडा मोठा ठरला. अशा माणसाने २०१०-११ चा खाडा भरला तर पेन्शन एका पेनीनेही वाढत नाही. २०१६-१७ किंवा त्यानंतरचे वर्ष घेतले तर पूर्ण दर गाठेपर्यंत वाढते. म्हणून आधी पेन्शनचा अंदाज ऑनलाइन काढायचा आणि कोणत्या वर्षाने किती फरक पडतो ते पाहायचे. बारा वर्षांखालच्या मुलामुळे मिळणारे फुकटचे क्रेडिट, म्हणजे वर्गणी न भरता नोंदीत धरले जाणारे वर्ष, राहून गेले आहे का, तेही तपासावे. पैसे भरताना १८ अंकी संदर्भ क्रमांक लागतो. तो चुकला तर रक्कम योग्य नोंदीवर चढत नाही.

२०२५-२६ मध्ये क्लास ३ चा दर आठवड्याला १७.७५ पौंड होता, म्हणजे वर्षाला ९२३. नवी पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती; तिचा पस्तिसावा भाग, म्हणजे एका वर्षाने पडणारी भर, ६.५८, वर्षाचे सुमारे ३४२. करापूर्वी तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. वर्ष अर्धवट भरलेले असेल तर फक्त उरलेले आठवडे भरायचे, ते आणखी स्वस्त. धंद्यात नफा कमी असलेल्यांना क्लास २ मध्ये हेच वर्ष तेव्हा १८२ पौंडांत मिळत होते.

साधारणपणे मागची सहा वर्षेच भरता येतात. २००६-०७ पासूनच्या वर्षांची खास सवलत एप्रिल २०२३ मध्ये संपायची होती. चौकशीच्या फोनवर झुंबड उडाल्याने मुदत दोनदा वाढली आणि ५ एप्रिल २०२५ ला संपली. परदेशात राहून स्वस्त क्लास २ भरण्याची सोयही ६ एप्रिल २०२६ पासून बंद. भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी : इथे ती पेन्शन दरवर्षी वाढत नाही, सुरुवातीच्या आकड्यावरच गोठते.