शिकवण आणि नियम: ख्रिस्तसभेत नेमकं काय बदललं?

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोड माणसांनी फुलून जातं आणि आमच्याकडे पाहुणे उतरले की एक जुना वाद हमखास नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, "सगळं बदललं, म्हणजे आधी सांगितलं ते खोटंच होतं, म्हणून आम्ही मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जायचं सोडलं." दुसरा गट म्हणतो, "सगळं बदललं, म्हणजे आता जे चाललंय ते खोटं. खरं ते जुनंच." पहिल्यात बहुतेक साठीच्या पुढचे, दुसऱ्यात हल्ली पंचविशीतली पोरं. ते एकमेकांना मूर्ख समजतात. पण दोघांचा घोळ एकच आहे: ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण आणि तिचे नियम यांची त्यांनी एकच मोट बांधली आहे.

शिकवण म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्याला मी सांगायला नको. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणून पाहा. देव एक, तीन व्यक्ती. शब्द देह झाला. मेला, पुन्हा उठला. पापांची क्षमा आहे. त्याला जोडून सात साक्रामेंत (बाप्तिस्मा, विवाह असे संस्कार), ख्रिस्तप्रसादात (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीत) ख्रिस्ताची खरीखुरी उपस्थिती. हे ख्रिस्तसभेला मिळालेलं आहे, तिने ठरवलेलं नाही. अधिक नेमकं समजून घेता येतं, उलटं फिरवता येत नाही. पोप महोदयांनाही नाही.

नियम म्हणजे त्या शिकवणीनुसार जगता यावं म्हणून ख्रिस्तसभेने स्वतः घालून दिलेली शिस्त. जिने घातली ती बदलू शकते, आणि तिने ती वेळोवेळी बदलली आहे. ख्रिस्तप्रसादाआधीचा उपवास घ्या. आमच्या आजीच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. 1953 मध्ये पाण्याची मुभा मिळाली, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. यातले पहिले दोन बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) आधीचे, पोप बाराव्या पायस यांच्या काळातले आहेत, हे 'परिषदेने वाटोळं केलं' म्हणणाऱ्यांच्या कानावर कधी जातच नाही.

बाकीची किरकोळ प्रकरणं झटपट उरकतो. बायकांनी डोक्यावर पदर घेणं: ख्रिस्तसभेच्या 1917 च्या कायदेसंहितेत होतं, 1983 च्या संहितेत नाही; नियम. संत ख्रिस्तोफर: 1969 मध्ये सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्यांचा सण काढला, संतपद नाही. जमिनीवर बसून मिस्सा, हात जोडून शांतिदान, मेणबत्तीऐवजी समई, आरती: एप्रिल 1969 मध्ये रोमने भारतासाठी ज्या 12 मुद्द्यांना मान्यता दिली, त्यांतून आलेलं, नियमच. तुम्हाला आवडत नसेल तर नावडो, पण त्याला पाखंड म्हणू नका. हरेगावच्या मतमाऊलीला (मरियामातेच्या यात्रेला) पायी जाणं तर यांपैकी काहीच नाही, ती भक्ती आहे. गेलात तर उत्तम, नाही गेलात तर कुणी जाब विचारणार नाही.

आता जिथे खरंच पाय घसरतो तिथे येतो.

नात्यातले एक मामा, प्रेसमधून निवृत्त झालेले, बरीच वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते. कारण विचारलं की एकच ठेवणीतला प्रश्न फेकायचे: "लहानपणी सांगितलं, शुक्रवारी मटण खाल्लं तर नरक. मग एक दिवस म्हणाले, खा. तर आधी जे गेले नरकात, त्यांना आता बाहेर काढलं का?" समोरचा गप्प झाला की मामा विजयी मुद्रेने सुपारी कातरायला घ्यायचे. हा प्रश्न फालतू नाही. माझ्या माहितीतल्या कितीतरी जणांची श्रद्धा अशाच एखाद्या प्रश्नापाशी अडकून सुटली आहे, आणि ज्यांनी तो हसण्यावारी नेला त्या जाणत्यांचाही त्यात वाटा आहे.

उत्तर असं. मामा, गुरुवारी रात्री खाल्लेलं आणि शुक्रवारी दुपारी खाल्लेलं मटण एकाच बोकडाचं असू शकतं. मटणात पाप कधीच नव्हतं. तसं असतं तर गुरुवारीही असतं. पाप होतं ते कायदेशीर अधिकाराने घातलेला, गंभीर मानलेला नियम पूर्ण जाणिवेने आणि पूर्ण संमतीने लाथाडण्यात. त्या दोन शब्दांवर जोर द्या: जाणीव आणि संमती. विसरून खाल्लं, नाइलाजाने खाल्लं, आजारपणात खाल्लं, तर ते त्या हिशेबात कधीच धरलं जात नव्हतं. आणि राहिला नरकाचा प्रश्न, तर अमुक माणूस नरकात गेला असं ख्रिस्तसभेने आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात छडी घेऊन उभ्या असलेल्या कुणी केलं असेल, तर ते त्यांच्यापाशी.

म्हणजे नियम बदलता येण्याजोगा असतो, तरी लागू असेपर्यंत बांधतो. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच लोकांच्या गळी उतरत नाही. 'बदलू शकतो' ऐकलं की त्यांना 'पाळला नाही तरी चालतो' ऐकू येतं. 'पाळलाच पाहिजे' ऐकलं की 'कधीच बदलणार नाही'.

शुक्रवारच्या मुळाशी शिकवण आहेच: पश्चात्ताप करा, नाहीतर नाश होईल, हे लूकच्या शुभवर्तमानात खुद्द येशू सांगतो. तो पश्चात्ताप कोणत्या वारी आणि कशाचा त्याग करून दाखवायचा, हा नियमाचा भाग. पोप सहाव्या पॉल यांनी 17 फेब्रुवारी 1966 ला बदलला तो दुसरा भाग. त्याग कोणता असावा, याची मोकळीक देशोदेशींच्या बिशप परिषदांना मिळाली. शुक्रवार मात्र रद्द झाला नाही! आजच्या संहितेतला 1250 क्रमांकाचा नियम वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतो, केवळ ईस्टरआधीच्या उपवासकाळातले नव्हेत. 'शुक्रवार आता राहिला नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि मटण नको म्हणून कोळंबीची बिर्याणी चापणाऱ्यांनी आपण नेमका कशाचा त्याग केला ते एकदा मला समजावून सांगावं.

याच घोळाची दुसरी बाजू मला जास्त टोचते. 'नुसता नियमच ना, मग सैल झाला तर बिघडलं कुठे?' बिघडतं. नाशिकमध्ये 2021 साली 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम आली, पुढे तिचा जोर ओसरला. मोहीम ओसरली म्हणून कुणाची कवटी टणक झाली नाही. पण आपल्या मनात तसंच काहीसं होतं: नियम सैल झाला की ज्याच्यासाठी तो होता तेही बिनमहत्त्वाचं वाटू लागतं. आठच्या मिस्सेला पावणेआठला गेटाबाहेर वडापाव संपवून, प्रवेशगीत सुरू असताना मिशीला लागलेली लसणाची चटणी रुमालाने टिपत आत येणारा माणूस मी पाहिला आहे. प्रवचन लांबलं तर त्याचा एक तास भरेलही, कारण तास मिस्सेपर्यंत नाही, ख्रिस्तप्रसादापर्यंत मोजायचा असतो. कायद्याने तो सुटला. पण जो मध्यरात्रीपासून उपाशी राहायचा त्याला आपण काय घ्यायला चाललोय याची आठवण पोटच करून द्यायचं. म्हणून मी स्वतः गुडघे टेकून, जिभेवरच ख्रिस्तप्रसाद घेतो आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ड्रम वाजवणाऱ्या गायकवृंदाबद्दल माझी मतं इथे छापण्यासारखी नाहीत. ही माझी पसंती आहे. हातावर घेणाऱ्या शेजाऱ्याचा विश्वास माझ्यापेक्षा कमी, असं ती सांगत नाही.

हे शेवटचं वाक्य आमच्या पंचविशीवाल्यांना पटत नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ही पोरं परतली, याचा मला आनंदच आहे. माळ जपतात, पापनिवेदनाला (फादरांपुढे पापं कबूल करायला) जातात, जे त्यांच्या आईबापांनी सोडलं होतं. पण त्यांच्या बोलण्यात 'परिषद', 'नवी मिस्सा' आणि 'लॅटिन गेली' हे तिन्ही एकच असतात. परिषद 1962 ते 1965. तिने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिन राखावी असंच म्हटलं, मातृभाषेला वाव दिला आणि वेदी लोकांकडे फिरवण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवा मिस्साग्रंथ सहाव्या पॉल यांनी एप्रिल 1969 मध्ये जाहीर केला. तो लॅटिनमध्येच निघाला आणि आजही त्यावरून लॅटिनमध्ये, वेदीकडे तोंड करून मिस्सा करता येते. तेव्हा 'लॅटिन मिस्सा' आणि 'जुनी मिस्सा' यांतही फरक आहे, बाळांनो. जुन्या विधीला 2007 मध्ये सोळाव्या बेनेडिक्ट यांनी मोकळीक दिली, 2021 मध्ये फ्रान्सिस यांनी ती आवळली. दोघांनी बदलला तो नियम. कुणाला पहिला निर्णय रुचला, कुणाला दुसरा, मला पहिला. तरी आपल्या धर्मग्रामातली रविवारची मराठी मिस्सा 'खरी नाही' म्हणून घरी पडदे ओढून व्हिडिओ पाहत बसणं म्हणजे मामांचीच चूक उलट्या अंगाने करणं.

परिषदेनंतरच्या बदलांना विरोध करणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांचा रोमशी झालेला झगडा फक्त लॅटिनसाठी होता, हाही असाच एक गैरसमज. त्यांचा मोठा आक्षेप होता परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणेला, कारण ती आधीच्या पोपांच्या शिकवणीला छेद देते असं त्यांना वाटलं. तिथे वाद खरोखर शिकवणीच्या अंगणात शिरतो, आणि तो अभ्यास करूनच घालावा. पदरावर आणि बाजाच्या पेटीवर भांडून तो सुटत नाही.

फरक ओळखायला मी एक कसोटी वापरतो: रोमशी एकजीव असलेल्या पूर्वेकडच्या ख्रिस्तसभा तीच गोष्ट वेगळी करतात का? करत असतील तर तो नियम. आपल्या मल्याळी शेजाऱ्यांची सिरो-मलबार मिस्सा एकदा पाहून या. वेगळा विधी, वेगळी प्रार्थना, आणि तरी तेवढीच कॅथलिक. धर्मगुरूने कुठे तोंड करावं यावरून 2021 नंतर एर्नाकुलममध्ये रस्त्यावर भांडणं झाली, पण ख्रिस्तप्रसाद काय आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक ख्रिस्तसभांत विवाहित धर्मगुरू असतात, म्हणजे ब्रह्मचर्य हा नियम. स्त्रियांना याजकपद द्यायचा अधिकार आपल्याला नाही, असं दुसऱ्या जॉन पॉल यांनी 1994 मध्ये सांगितलं, ते मात्र शिकवण म्हणून. 'लग्नही करू द्या आणि बायकांनाही घ्या, चर्च कधी सुधारणार' असं एका दमात म्हणणारे दोन वेगळ्या कपाटांतल्या फायली एका दोरीत बांधतात.

मामा परतले. माझ्या उत्तरामुळे नव्हे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मयताच्या मिस्सेला गेले असताना विश्वासांगीकार सुरू झाला आणि तो त्यांना अजून येत होता म्हणून. त्यानंतर अडलं ते पापनिवेदनावर. जाळीआड की समोरासमोर? नियम, जाळी मागायचा तुम्हाला हक्क आहे. पश्चात्तापाची प्रार्थना जुनी पाठ आहे, नवी येत नाही? जुनी म्हणा, फादर अडवणार नाहीत. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते आठवत नाही? अंदाजे वर्षं सांगा. पापं मात्र सांगावीच लागतात, आणि ऐकलेलं फादर कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मिस्सेच्या अर्धा तास आधी गेलात तर सहसा रांग नसते.